न वाचलेल्या कागदावर अंगठा

१८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर ओढले आणि जाळले. पाहता पाहता हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव गेले. त्या रोख्यांत व्याज किती, मुदत कोणती, गहाण कोणते शेत, हे अंगठा उठवणाऱ्यास बहुधा ठाऊकच नसे. लिहिणारा लिही, ऐकणारा मान डोलावी, आणि पुढे पिढ्यान् पिढ्या राबून फेडी. दंगे झाल्यावर सरकारने चौकशी केली व १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात अशी तजवीज होती की, शेतकऱ्याचा रोखा गावच्या नोंदणी-कामगारापुढे लिहिला जावा आणि सही-अंगठ्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवावा.

शेतकरी बंधूंनो, कारागीर भावांनो, परक्या सरकारला जे १८७९ साली कळले, ते आपल्या स्वतःच्या सरकारला अजून पुरते कळत नाही, हे आमचे गाऱ्हाणे आहे. सावकाराचा रोखा एका घराला बांधतो. दिल्लीचा कायदा कोट्यवधी घरांना बांधतो. मग रोखा वाचून दाखवावा आणि कायदा मात्र न वाचता गळ्यात पडावा, हा कोणत्या गावचा न्याय?

कायदा कोणत्या भाषेत जन्मतो ते आधी पाहू. राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे संसदेच्या कायद्याचा प्रमाण मजकूर इंग्रजी असतो. हिंदी भाषांतर सोबत येते. मराठीसारख्या भाषांतील भाषांतरांना प्रमाण मानण्याची सोय १९७३ च्या कायद्याने केली आहे. पण ते भाषांतर कायदा होऊन गेल्यावरचे. लग्न लागल्यावर मुलीला विचारावे, 'स्थळ पसंत आहे का?' तशातली ही गत. आणि ते मराठी तरी कसले! परवान्याला 'अनुज्ञप्ती', तरतुदीला 'उपबंध', 'पण असे असेल तर' एवढे सांगायला 'परंतुक'. तीन इयत्ता शिकलेला सोडाच, पदवीधर मुलगाही दोनदा वाचून खाली ठेवतो. इंग्रजीचे कुलूप काढले आणि त्या जागी दुसरे लावले, तर घर उघडले असे कोण म्हणेल?

सरकारला हे ठाऊक नाही असे मात्र नाही. ५ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्राच्या कायदा खात्याने सर्व खात्यांना एक धोरण कळवले. कोणताही कायदा आणण्यापूर्वी त्याचा मसुदा, निदान त्याचा सारांश, किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. कायदा का हवा, खर्च किती, लोकांच्या हक्कांवर व पोटापाण्यावर परिणाम काय, हे सांगावे. मुख्य कलमे सोप्या भाषेत उलगडून द्यावीत. आलेल्या मतांचा गोषवारा प्रसिद्ध करावा व मंत्रिमंडळापुढे मांडावा. वाचून कोणालाही वाटावे, वा! याहून अधिक काय हवे?

पण पळवाट त्याच कागदात आहे. एखाद्या खात्याला असा सल्ला घेणे शक्य वा इष्ट वाटले नाही, तर तसे कारण मंत्रिमंडळाच्या टिपणात नोंदवले की झाले. शिवाय हे धोरण आहे, कायदा नव्हे. चोराने कुलूप लावावे आणि किल्लीही त्यानेच सांभाळावी, अशी ही व्यवस्था.

याचा परिणाम आपण २०२० साली पाहिला. ५ जून २०२० रोजी, देश महामारीने घरात कोंडलेला असताना, शेतीचे तीन वटहुकूम निघाले. सप्टेंबरात त्यांचे कायदे झाले. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधी सभासद मतमोजणी मागत असता दोन विधेयके आवाजी मताने मंजूर झाली. बाजार समित्यांच्या सुधारणेची चर्चा २००३ च्या नमुना कायद्यापासून चालू होती, हे खरे. पण या तीन कायद्यांची कलमे शेतकऱ्यापुढे कोणी ठेवली? समितीच्या आवाराबाहेर पॅन कार्डवाला कोणीही व्यापारी माल घेऊ शकेल. पैसे त्याच दिवशी किंवा फार तर तीन कामाच्या दिवसांत द्यावे लागतील. तंटा झाला तर प्रांताकडे जायचे, दिवाणी कोर्टात नाही. एवढ्या तीन ओळी चावडीवर वाचल्या असत्या, तर शेतकऱ्याने तिथेच विचारले असते, 'पहिली गोष्ट ठीक. पण कोर्टाचे दार का बंद?' हा प्रश्न विचारायला त्याला वकिलीची सनद लागत नाही. दुसरी गंमत पाहा. साठवणुकीची बंधने सैल करणारे विधेयक १४ सप्टेंबरला लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. नाशिकच्या कांदेवाल्याने खुल्या बाजाराचा कोणता अर्थ घ्यावा?

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. दिल्लीच्या वेशीवर शेतकरी वर्षभर बसले. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती देऊन समिती नेमली. त्या समितीपुढे ७३ शेतकरी संघटना आल्या आणि त्यांतील ६१ कायद्यांच्या बाजूच्या होत्या, असे समितीच्या अहवालात निघाले. दिल्लीच्या वेशीवर बसलेल्या संघटना मात्र तिच्यापुढे गेल्या नाहीत. तो अहवाल वर्षभर बंद लिफाफ्यात राहिला. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी कायदे मागे घेण्याची घोषणा झाली आणि २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांनी चर्चेवाचून ते रद्द केले.

आम्ही येथे ते कायदे चांगले होते की वाईट, याचा निवाडा करत नाही. ज्यांना ते हवे होते त्यांनाही कोणी विचारले नाही, ज्यांना नको होते त्यांनाही नाही. करताना विचारले नाही, मोडतानाही विचारले नाही. मत घेतले ते कायदा झाल्यावर, आणि घेतले ते लिफाफ्यात घातले. आधी तीस दिवस वाचवले आणि पुढे दीड वर्ष घालवले, हा शहाणपणाचा हिशेब आमच्या अडाणी डोक्यात शिरत नाही.

त्याच साली दुसरा प्रकार घडला. कारखाना, खाण, धरण उभारण्यापूर्वी पर्यावरणाची तपासणी कशी व्हावी, याच्या नियमांचा नवा मसुदा मार्च २०२० मध्ये निघाला. जनसुनावणीची नोटीस तीस दिवसांऐवजी वीस दिवसांची करावी, असे त्यात होते. लोकांच्या हरकती मागवल्या, पण मसुदा इंग्रजी व हिंदीत! ज्याच्या विहिरीशेजारी खाण निघणार, त्याने आधी इंग्रजी शिकावे आणि मग हरकत लिहावी. अखेर ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांत मसुदा द्या व ११ ऑगस्टपर्यंत मुदत वाढवा, असे फर्मावले. तेव्हा सरकारने काय केले? ते या हुकमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. जनतेला जनतेच्या भाषेत सांगावे लागू नये म्हणून जनतेच्याच पैशाने वकील लावले!

'हे व्यवहारात जमत नाही', असे म्हणणाऱ्यांनी २०१३ चा भूसंपादन कायदा पाहावा. जमीन घेण्यापूर्वी कोणाचे काय नुकसान होईल याची पाहणी करा. त्यात ग्रामसभेचा सल्ला घ्या. नोटीस आणि अहवाल स्थानिक भाषेत पंचायतीत, तहसील कचेरीत, कलेक्टर कचेरीत ठेवा, असे तो कायदा स्वतः सांगतो. म्हणजे जमते. पण जेथे जमते तेथेच ते खुपते. ३१ डिसेंबर २०१४ च्या वटहुकमाने पाच प्रकारच्या कामांना त्या पाहणीतून सूट देण्याची वाट काढली. देशभर ओरड झाली, आणि ऑगस्ट २०१५ अखेर तो वटहुकूम संपू दिला गेला. आपण निर्धास्त झालो. इकडे २०१८ साली महाराष्ट्राच्या दुरुस्तीने औद्योगिक वसाहती, कॉरिडॉर वगैरे कामांना सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आला. पुढच्या दाराने हाकललेला पाहुणा मागच्या दाराने माजघरात येऊन बसला, आणि किती गावांना त्याची चाहूल लागली?

कारागीर व मजूर यांची गत वेगळी नाही. २९ कामगार कायदे मोडून चार संहिता केल्या. त्यांतल्या तीन सप्टेंबर २०२० मध्ये दोन दिवसांत संसदेच्या दोन्ही सभागृहांतून पार झाल्या, आणि चारही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला कपात करण्यास वा टाळे ठोकण्यास सरकारची परवानगी लागे; आता ती मर्यादा तीनशेवर गेली. हे इचलकरंजीच्या मागवाल्याला कोणी सांगितले? आणि केवळ तोट्याचेच लपते असे नाही. दहा वा अधिक माणसे राबतात तेथे मालकाने नेमणूकपत्र दिले पाहिजे, असेही त्यात आहे. ज्याला ठाऊकच नाही, तो ते मागणार कसे? न समजलेल्या कायद्यातला आपला हक्कही दुसऱ्याच्याच खिशात राहतो.

यावर शहाणे लोक म्हणतात, 'खेड्यातल्या माणसाला कायद्यातले काय कळते?' ज्याला सात-बाराच्या उताऱ्यातील फेरफार कळतो, पाटाच्या पाण्याची पाळी कळते, कापसाच्या वजनातली कटती कळते, त्याला कायदा कळत नाही, की कळू द्यायचा नाही? बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, खोड विचारतो. कायदा घेताना मात्र शिंगाला फडके बांधलेला बैल दावणीला आणून सोडतात. दुसरे म्हणतात, 'खासदार तुम्हीच निवडलेत, आता पुन्हा विचारणे कशाला?' खासदार आम्ही धाडला तो आमचे बोलणे मांडायला. बोलणेच ऐकले नाही, तर तो मांडणार कोणाचे? पाच वर्षांतून एकदा बोटाला लावलेली शाई म्हणजे पाच वर्षांच्या कोऱ्या कागदावरचा अंगठा नव्हे.

आमचे मागणे स्पष्ट आहे. २०१४ चे धोरण कायद्यात घाला, म्हणजे पळवाट बुजेल. मसुदा बोलत्या मराठीत निघेल त्या दिवसापासून तीस दिवस मोजा. तो ग्रामसभेत वाचा व तेथील मत लिहून घ्या. कोणती सूचना घेतली, कोणती टाकली आणि का टाकली, हे छापा. वटहुकूम काढावाच लागला, तर सभागृहापुढे विधेयक नेण्यापूर्वी हे सारे करा.

हे होईपर्यंत हात बांधून बसू नका. माहितीचा अधिकार कायदा २००५ चे चौथे कलम सांगते की, लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे धोरण ठरवताना सरकारने सर्व संबंधित माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी, आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा. हे धोरण नव्हे, कायदा आहे. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरते. पुढच्या सभेत ठराव करा: 'आमच्या शेतीचा, मजुरीचा, धंद्याचा कोणताही कायदा आम्हाला आमच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय आमच्या नावाने मंजूर करू नये.' ठराव खासदाराकडे पाठवा, पोच घ्या, आणि मते मागायला तो दारी येईल तेव्हा ती पोच पुढे करा. महाराष्ट्राचे अठ्ठेचाळीस खासदार आहेत. एकालाही म्हणू देऊ नका की, 'मला कोणी सांगितले नाही.'

सुप्याच्या शेतकऱ्यांपुढे रोखे जाळण्याखेरीज दुसरी वाट उरली नव्हती. आपल्याला ती आहे. कागद हातात घ्या, मुलीला किंवा मुलाला मोठ्याने वाचायला सांगा, जे कळत नाही ते विचारा, आणि कळेपर्यंत अंगठा आवळून धरा.