जामिनाला जमीन लागते

'जामीन' आणि 'जमीन' यांच्यात एका कान्याचा फरक आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातल्या माणसासाठी तोही उरत नाही.

'जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा सक्षम जामीनदार.' बातमी या ओळीवर संपते, आरोपीच्या घरच्यांची धावपळ इथून सुरू होते. सक्षम म्हणजे कोण? ज्याच्या नावावर सातबारा आहे, ज्याला तहसीलमधून ऐपतीचा दाखला मिळतो आणि जो मजुरी बुडवून कोर्टात दिवसभर बसू शकतो.

आता भामरागड किंवा एटापल्लीतलं एखादं माडिया कुटुंब बघा. वनहक्काचा पट्टा वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. आदिवासीची बाकी जमीनही परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला जात नाही. सावकारापासून वाचवायला केलेले हे कायदे योग्यच आहेत. पण जी जमीन विकायला कायदाच बंदी घालतो, तिच्या जोरावर ऐपत सिद्ध करायला का सांगता? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ही गावाची श्रीमंती आहे. कोर्टाच्या फॉर्ममध्ये तिला रकाना नाही.

यूएपीएच्या खटल्यांची निदान चर्चा होते. गडचिरोलीत ग्रामसभांसोबत वनहक्काचं काम करणाऱ्या महेश राऊतना उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये जामीन दिला. त्या आदेशाला स्थगिती मिळाली आणि ते दोन वर्षांनी बाहेर आले, तेही प्रकृतीच्या कारणावरून अंतरिम जामिनावर. पण मोहाची दारू किंवा किरकोळ मारामारीच्या गुन्ह्यात आत गेलेल्याचं काय? त्याला जामीन मंजूर असतो, फक्त जामीनदार नसतो. त्याची बातमी होत नाही.

कायदा इतका निर्दय नाही. 1978 मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याकडे 10,000 रुपयांचा जामीन मागितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याचा जामीन नाकारला गेला. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपी गरीब आहे असं मानावं, हे कायद्यातच लिहिलंय. स्थानिक जामीनदाराचा हट्ट नको, महिनाभरात बंधपत्र भरलं नाही तर अटी सैल करण्याचा विचार करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं. त्याच वर्षी केंद्राने गरीब कच्च्या कैद्यांसाठी 40,000 रुपयांपर्यंत मदतीची योजना आणली. म्हणजे तरतुदी आहेत. त्या न मागता वापरायची सवय नाही.

"सोडला तर पळून जाईल," हे ठरलेलं उत्तर. कुठे पळेल? त्याची भाषा, शेत, गोतावळा सगळं इथेच आहे. पळायला पैसा आणि पासपोर्ट लागतो, आणि ज्याच्याकडे ते असतं त्याला जामीनदार संध्याकाळपर्यंत सापडतो.

उलट अटीच माणसाला फरार ठरवतात. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहते, भामरागडचा संपर्क तुटतो. पलीकडच्या गावातल्या माणसाने दर सोमवारी ठाण्यात हजेरी कशी द्यायची? एक हजेरी चुकली की जामीन रद्द करायला कारण मिळतं.

म्हणून मागणी साधी आहे. सातबाऱ्याऐवजी ग्रामसभेचा ठराव घ्या: हा आमचा माणूस आहे, तारखेला येईल. जंगलाचा कारभार ज्या ग्रामसभेच्या हाती कायद्याने दिलाय, तिच्या शब्दावर एक माणूस सोडायला काय हरकत आहे?