आवृत्ती बदलली, मेळ तोच

चौसाळा हे धुळे-सोलापूर महामार्गावरील बाजारगाव. अशा गावच्या पेढीवर लाल बांधणीची चोपडी दिवाळीच्या पूजनापुरती उरली आणि रोजची कीर्द संगणकावर गेली, त्यालाही आता बराच काळ लोटला. एकेकाळी संगणकालाच विरोध करणारे मुनीमजी पुढे टॅलीत असे रमले की, कळफलकाकडे न पाहता त्यांची बोटे फिरू लागली. आता शेठजींचा मुलगा नवी आवृत्ती घेऊ म्हणतो आणि मुनीमजी विचारतात, "जुनीत काय उणे आहे? मेळ तर रोज जुळतो."

या प्रश्नाला हट्ट म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. २००९ मध्ये आलेल्या 'टॅली ईआरपी ९'ची जागा नोव्हेंबर २०२० मध्ये 'टॅली प्राइम'ने घेतली, तेव्हा पडद्याची मांडणी बदलली. विक्रीची एफ८ आणि खरेदीची एफ९ ही कळ कायम राहिली. परंतु क्रेडिट नोट कंट्रोल-एफ८ वरून ऑल्ट-एफ६ वर गेली आणि डेबिट नोट कंट्रोल-एफ९ वरून ऑल्ट-एफ५ वर. वर्षानुवर्षे बोटांत मुरलेली विद्या ही पेढीची पुंजीच होय. ती ताळेबंदात दिसत नाही, एवढेच. मुनीमजींना खरे भय कळांचे नसते. आपली गरज संपली की काय, हे ते भय असते.

व्यापारी समाजाला असे बदल नवे नाहीत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी ज्यांना तोंडपाठ होती, त्यांचा बाजारातील मान त्या पाढ्यांबरोबर ओसरला. १९८९ पासून प्राप्तिकरासाठी सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले. दिवाळी ते दिवाळी चालणाऱ्या वह्यांची रीत मोडली. तरीही भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी वहीपूजन होतेच, आणि जमेला नावे हा नियमही अढळ आहे. टॅलीचा जन्मही व्यापारी घराच्या निकडीतूनच झाला. श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या व्यवसायाच्या हिशेबासाठी सोयीचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचे पुत्र भरत यांनी ते घडविले. १९८६ मध्ये बेंगळुरूत कंपनी उभी राहिली.

जुन्याविषयी ममत्व असावे. पण त्याची किंमतही मोजावी. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, म्हणजे अशा संगणकाला सुरक्षेच्या नित्य दुरुस्त्या मिळणे थांबले. गावोगावची उधारी, शेतकऱ्यांची देणी, अडत, सारे त्या एका यंत्रात असते. ते बिघडले, तर बुडते ती नुसती नोंद नव्हे. पिढ्यांची पत बुडते.

म्हणून बदल करावा, परंतु सोयीची वेळ पाहून. कापूस-सोयाबीनच्या हंगामात किंवा मार्चअखेरीस नव्या आवृत्तीला हात लावू नये. आधी संपूर्ण डेटाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडते का, हे तपासावे; कारण नव्या आवृत्तीत रूपांतरित झालेला डेटा सहसा जुनीत परत उघडत नाही. मग त्या प्रतीवरच काही दिवस सराव करावा. दोन्हींकडील तेरीज, रोकड शिल्लक आणि खातेनिहाय येणी पडताळावीत. ही पडताळणी मुनीमजींच्याच हाती द्यावी. यंत्र कसे चालते, ते मुलाने दाखवावे. आकडा बरोबर आहे का, ते मुनीमजींनी सांगावे. कोणत्या खातेदाराची उधारी कधी येते आणि कोणता आकडा संशयास्पद आहे, हे कोणतीही आवृत्ती शिकवीत नाही.

जैन दर्शनाने प्रत्येक द्रव्यात उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य एकत्र पाहिले. कडे मोडून हार केला, तर कड्याचा व्यय, हाराचा उत्पाद. सोने मात्र ध्रुव. पेढीचे सोने म्हणजे चोख हिशेब. तो ज्यांच्या हातून वर्षानुवर्षे चोख राहिला, त्या हातांना नव्या कळा शिकण्यासाठी महिनाभराचा अवधी देणे कोणत्याही पेढीला जड जाऊ नये.