घरमालक बदलला, भाडेकरू तेच!

29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69-अ खाली टिकटॉकसह 59 चिनी अ‍ॅप बंद केले. नऊच दिवसांनी, 8 जुलैला, अमेरिकेच्या फेसबुकने भारतात इन्स्टाग्राम रील्स सुरू केले. चीनचे दुकान बंद, अमेरिकेचे चालू, आणि वर आत्मनिर्भरतेचा जयघोष! आपण सगळे निमूटपणे नव्या दुकानात गेलो.

जाताना सोबत काय नेले? काहीच नाही. जमवलेले फॉलोअर्स तिथेच राहिले. ज्यांनी व्हिडिओ उतरवून ठेवले नव्हते त्यांची मेहनतही तिथेच राहिली. ज्यांचे इन्स्टाग्रामवर आधीच बस्तान होते, ते पहिल्या दिवसापासून पुढे. वस्तीतल्या, खेड्यातल्या पोरांनी पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. वर त्यांना 'छपरी' म्हणून हिणवले गेले. छप्पर शाकारणाऱ्या छप्परबंद समाजाशी जोडला जाणारा हा शब्द आज शिवी म्हणून सर्रास वापरला जातो आणि आपलीही मुले तो वापरतात!

काही मित्र म्हणतात, एक अ‍ॅप बंद झाले तर दुसरे घ्या, त्यात काय? नोव्हेंबर 2019 आठवा. वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले. त्याच सुमारास ब्ल्यू टिक देताना जात पाहिली जाते, असा जाब दलित-बहुजन तरुणांनी ट्विटरला विचारला. अनेक जण रागाने जर्मनीत जन्मलेल्या मॅस्टोडॉनवर गेले. पण पत्रकार, नेते, सत्ताधारी ट्विटरवरच होते. गेलेले बरेचसे परत आले. मग 'देशी' म्हणून कू आले, तेही 2024 मध्ये बंद पडले. मालक चिनी असो, अमेरिकी असो की देशी, चावी त्याच्याच खिशात असते.

दार बंद झाल्यावर काय करायचे, हे आम्हा नाशिककरांना तरी नव्याने सांगावे लागू नये. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला, तरी दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. पण दुसऱ्याच दिवशी ते मिळेल त्या घरात शिरले नाहीत. धर्म पारखले, माणसे तयार केली आणि 21 वर्षांनी नागपुरात धम्म स्वीकारला. आपण मात्र 21 सेकंदांत नवे अ‍ॅप उतरवतो आणि त्यालाच विद्रोह समजतो.

बाबासाहेबांनी दुसऱ्याच्या छापखान्यावर चळवळ सोपवली नाही. 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. 'मूकनायक' 1920 मध्ये निघाले, 'बहिष्कृत भारत' 1927 मध्ये, 'जनता' काळाराम सत्याग्रह चालू असतानाच, 1930 मध्ये. पैसा नव्हता, पत्रे बंद पडत होती, तरी नवे पत्र आपलेच निघत होते.

म्हणून रील्स सोडा, असे आम्ही म्हणत नाही. बाजारात जावेच लागते, कारण माणसे तिथे आहेत. पण बाजारात कुणी घर बांधत नाही. प्रत्येक व्हिडिओची, भाषणाची, भीमगीताची मूळ प्रत आपल्याकडे ठेवा. वर्गणी काढून स्वतःच्या नावाची वेबसाइट घ्या. कार्यकर्त्यांचे फोन नंबर वहीत असू द्या. विहारातल्या कपाटात पुस्तकांशेजारी एक हार्ड डिस्क ठेवा. जयंतीच्या डीजेवर जेवढे उडते, त्याच्या तुकड्यात हे सगळे होते.

उद्या पुन्हा बंदी येईल. आदेश निघेल, कारण गोपनीय राहील, खाते रात्रीत गायब होईल. तेव्हा कोणत्या अ‍ॅपवर जायचे, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या दिवशी आपल्या हातात आपले स्वतःचे काय उरेल, हा प्रश्न आजच विचारा.

जय भीम!