मीठ समुद्राला परत

चांदरातीला घरात मेंदीचे कोन आले की मुलींची रांग लागते. तासभर हात पुढे करून त्या निमूट बसतात. ईद होते, आठवडाभरात रंग फिका पडतो आणि पंधरवड्यात तळहात पुन्हा कोरा. मेंदी गेली म्हणून कुणी रडत नाही. ती जाणार हे ठाऊक असूनही दरवर्षी तितक्याच निगुतीने काढली जाते. एका जपानी कलावंताविषयी वाचताना आम्हांला हीच मेंदी आठवली.

मोतोई यामामोतो १९६६ साली हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिची येथे जन्मले. १९९४ साली त्यांची बहीण मेंदूच्या कर्करोगाने गेली. वय अवघे चोवीस. जपानात मयतीच्या रिवाजांत मिठाला स्थान आहे, शुद्धीसाठी ते वापरतात. यामामोतोंनी तेच मीठ हाती घेतले. निमुळत्या तोंडाच्या प्लास्टिकच्या बाटलीत ते भरायचे, जमिनीवर बसायचे आणि बारीक धार सोडत भूलभुलैयासारखी नक्षी विणत जायचे. कित्येक दिवसांनी अख्खे दालन भरते. बहिणीच्या आठवणी हातून निसटू नयेत म्हणून ते हे करतात.

आणि शेवट? प्रदर्शन संपले की पाहायला आलेल्या लोकांनाच बोलावतात. सगळे मिळून ती नक्षी मोडतात, मीठ गोळा करतात आणि समुद्राला परत करतात. २०१२ साली अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरातही असेच झाले. पुढच्या शहरात पुन्हा नवे मीठ, नवी नक्षी.

आपल्याकडच्या झरीना हाशमी यांची वाट थोडी वेगळी. १९३७ साली अलीगढला जन्म, तिथल्याच विद्यापीठात गणिताचे शिक्षण. फाळणीनंतर काही वर्षांनी आईवडील कराचीला गेले. झरीना देशोदेशी फिरत राहिल्या आणि २०२० साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. मागे राहिलेले घर त्यांनी १९९९ साली छत्तीस लाकडी ठशांच्या छापचित्रांत मांडले. दार, उंबरठा, अंगण अशी एकेक गोष्ट. मोजक्या काळ्या रेघा आणि सोबत एक उर्दू शब्द. घर परत मिळणार नव्हते. त्याचा नकाशा मात्र त्यांनी मनातून कागदावर उतरवला.

वाचक बंधू-भगिनींनो, हे सांगण्याचे कारण आमच्या घरातले आहे. अम्मीच्या इंतकालानंतर दोन वर्षे तिचे कपाट बंद होते. आपा म्हणायची, “कुणी हात लावायचा नाही.” भाभीचे म्हणणे, “मुलं मोठी झाली, जागा हवी.” दोघींचेही खरे होते. पण शब्दाने शब्द वाढला आणि एका ईदला आपा माहेरी आलीच नाही.

शेवटी गेल्या पावसाळ्यानंतर सगळ्यांनी मिळून कपाट उघडले. चांगल्या प्रसंगाला नेसायच्या म्हणून अम्मीने प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या दोन रेशमी साड्या बाहेर काढल्या, तर त्या घडीवरच विरल्या होत्या. एक न शिवलेले कापड कसर लागून चाळण झाले होते. रोजच्या वापरातल्या सुती ओढण्या आणि मुसल्ला तेवढा धड होता. आपा बराच वेळ त्या विरलेल्या घड्या हातात घेऊन बसली. मग म्हणाली, “आपण हे कुणासाठी ठेवलं होतं गं?” भाभीने काही न बोलता तिच्या पाठीवर हात ठेवला.

मुसल्ला आपाने नेला. धड असलेले कपडे गरजू बायकांना दिले. आता त्या कपाटात नातवंडांची दप्तरे असतात.

ही दुनिया फानी आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मयतीच्या घरी एकमेकांना सांगतोही. पण ऐकणे वेगळे आणि कपाटाची किल्ली सोडणे वेगळे. आम्हांला वाटायचे, वस्तू गेली की माणूस दुसऱ्यांदा जातो. यामामोतोंच्या मिठाने आमची ही समजूत हलवली. नक्षी मोडल्याने बहीण विसरली जात नाही, कारण आठवण त्यांच्या हाताच्या कामात आहे. तो हात पुन्हा पुन्हा चालतो, म्हणून ती टिकते.

अर्थात कुणी किल्ली कधी सोडावी, हे दुसऱ्याने ठरवू नये. कुणाला चाळीस दिवस पुरतात, कुणाला चार वर्षे. घाई करणाऱ्याने थोडे थांबावे आणि थांबलेल्याने कधीतरी खिडकी उघडावी, एवढेच.

या ईदला आपा आली. तिने अम्मीच्या पद्धतीची सांदणं केली. नारळाचे दूध तेच, भांडेही तेच. साखर मात्र कमी, कारण आता घरात तिघांना मधुमेह आहे. चव अगदी तीच नव्हती. तरी पहिला घास घेताच सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आले. मगरिबच्या आत भांडे रिकामे झाले होते.