जुन्या डिझेल मोटारीची तहान: दोष वयाचा की हेळसांडीचा?

खनिज तेलाचे भाव भडकले की आपल्याकडे काटकसरीचा उपदेश सुरू होतो आणि भाव स्थिरावले की तो विरून जातो. १९७३ च्या तेलसंकटानंतर असे घडले, १९७९ च्या दुसऱ्या धक्क्यानंतर पुन्हा घडले. मधल्या काळात, १९७८ साली, तेलबचतीचा प्रचार व संशोधन यांसाठी पीसीआरए ही संस्था केंद्राच्या पुढाकाराने स्थापन झाली. तिचे फलक पेट्रोल पंपांवर वर्षानुवर्षे झळकत आले आहेत. तरीही आज देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. काटकसरीचा हा विचार दारात उभ्या असलेल्या जुन्या डिझेल मोटारीपर्यंत मात्र क्वचितच पोचतो. तिच्याविषयी लोकांत दोनच मते आढळतात. गाडी जुनी झाली, ती तेल पिणारच, हे एक. आणि जुनी झाली, आता मोडीत काढा, हे दुसरे. वरकरणी परस्परविरोधी वाटणाऱ्या या मतांचे मूळ एकच आहे. दोन्ही मते वयालाच दोष मानतात आणि कारणांचा शोध तेथेच थांबवतात.

वास्तविक डिझेल इंजिनाचा जन्मच काटकसरीसाठी झाला. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याच्या इंजिनाची १८९७ साली चाचणी झाली, तेव्हा इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे त्याने उपयुक्त कामात रूपांतर केले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने ही मजल फार मोठी होती. हवा अतिशय दाबून तापवायची आणि त्या तप्त हवेत मोजके इंधन फवारायचे, हे त्यामागील तत्त्व आजही तेच आहे. दहा-पंधरा वर्षे चाललेल्या इंजिनात थोडी झीज होते, हे खरे. पण एकेकाळी लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर जाणारी गाडी अकरा-बारावर येते, तेव्हा ती घसरण केवळ झिजेने झालेली नसते. ती बहुधा लहानसहान दोषांची बेरीज असते.

अशा गाड्या आज कोणाकडे आहेत, हेही पाहिले पाहिजे. एकेकाळी सरकारी धोरणामुळे डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते आणि त्या हिशेबाने मध्यमवर्गीयांनी व छोट्या व्यावसायिकांनी या गाड्या घेतल्या. जानेवारी २०१३ पासून दरमहा थोडीथोडी वाढ सुरू झाली, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरील नियंत्रण उठले आणि तो फायदा आकसत गेला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके आल्यावर अनेक कंपन्यांनी लहान डिझेल मोटारी बनवणेच सोडले. साहजिकच जुनी गाडी चालवणारा मनुष्य हौसेने ती चालवीत नाही. नवी घेणे परवडत नाही, म्हणून तो ती चालवतो.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका व्यापाऱ्याचे उदाहरण बोलके आहे. आठवडी बाजाराच्या गावांना माल पोचवणारी त्यांची डिझेल मोटार लिटरला बारा किलोमीटरवर आली होती. गॅरेजमध्ये त्यांना चारही इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळाला आणि खर्चाचा आकडा ऐकून त्यांनी गाडी विकायचे ठरवले. दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रीने गाडी जॅकवर चढवून चारही चाके हाताने फिरवून पाहिली. मागचे एक चाक ब्रेकमध्ये अडकत होते. शिवाय इंजिन तापते म्हणून पूर्वी कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता, त्यामुळे आता ते पुरेसे तापतच नव्हते. या दोन दुरुस्त्या झाल्या, चाकांत नियमित हवा भरली जाऊ लागली आणि गाडी पंधरावर आली.

बारावरून पंधरा! तीनच किलोमीटरांचा फरक, असे कोणालाही वाटेल. येथेच आपल्या मोजण्याच्या पद्धतीतील एक फसगत लपलेली आहे. आपण गाडीचे ‘ॲव्हरेज’ लिटरला किती किलोमीटर असे सांगतो. खिशातून पैसे जातात ते मात्र लिटरचे. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी गाडी बाराच्या ॲव्हरेजने १,००० लिटर डिझेल जाळते, पंधराच्या ॲव्हरेजने ८००. बचत झाली २०० लिटरची. आता वीसचे ॲव्हरेज देणारी नवी गाडी तेवीसवर नेली, तर ६०० लिटरऐवजी सुमारे ५२२ लिटर लागतील. म्हणजे बचत जेमतेम ७८ लिटरची. सुधारणा दोन्हीकडे तीन किलोमीटरांचीच. पण जी गाडी अधिक उधळी, तिच्यात ती सुधारणा अडीचपट फलदायी ठरते. ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असे मोजण्याची युरोपातील रीत या दृष्टीने अधिक प्रामाणिक आहे.

हाच हिशेब पुढे नेऊ. डिझेल लिटरला ९० रुपये धरले, तर २०० लिटरचे १८,००० रुपये होतात. छोट्या दुकानदाराच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक नव्हे. याउलट दहा लाखांची नवी, वीसचे ॲव्हरेज देणारी मोटार घेतली, तर बारा देणाऱ्या गाडीच्या तुलनेत ४०० लिटर, म्हणजे ३६,००० रुपये वाचतील. परंतु त्या दहा लाखांवर नऊ टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याजच ९०,००० रुपयांच्या घरात जाईल. नवी गाडी घेण्याची अन्य कारणे असू शकतात. इंधनाची बचत हे मात्र त्यांपैकी कारण नव्हे.

मग जुन्या गाडीच्या मालकाने करावे काय? पहिली गोष्ट, मोजावे. गाडीच्या फलकावर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नये. पंपाची नळी आपोआप बंद होईल तेथपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरचा आकडा टिपावा आणि पुढच्या वेळी पुन्हा तेथपर्यंतच भरून भागाकार करावा. असे तीन-चार वेळा केल्याशिवाय येणारा आकडा विश्वसनीय नसतो. कंपनीने जाहीर केलेल्या आकड्याशी तुलना करून खंत बाळगण्याचेही कारण नाही. तो आकडा प्रयोगशाळेत, रुळांवर गाडी चालवून काढलेला असतो. आपल्या रस्त्यांवरील खड्डे आणि सिग्नल त्यात नसतात. तुलना करावी ती आपल्याच गाडीच्या मागील नोंदींशी.

दुसरी गोष्ट, खर्चाची सुरुवात स्वस्त उपायांपासून करावी. अर्थशास्त्रातील सीमान्त लाभाचा नियम गॅरेजमध्येही लागू पडतो. चाकांतील हवा योग्य ठेवण्यास जवळजवळ काहीच पडत नाही. ती दहा पौंडांनी कमी असली, तर सुमारे दोन टक्के इंधन वाया जाते. अडकणारा ब्रेक, बिघडलेले अलाइनमेंट, घसरणारा क्लच, तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोच्या नळीला गेलेली चीर ही तपासणी त्यानंतर. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात तुंबलेल्या फिल्टरमुळे हवा कमी पडते, इंधन मात्र तेवढेच फवारले जाते, आणि अर्धवट जळालेले ते इंधन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. इंजेक्टर व पंप यांच्या महागड्या कामाकडे वळावे ते हे सारे पाहून झाल्यावर. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो, कारण महागड्या कामात सल्ला देणाऱ्याचाही लाभ असतो. इंधनात मिसळायच्या चमत्कारी द्रवांविषयी व नळीला बसवायच्या चुंबकांविषयी एवढेच सांगणे पुरे, की अमेरिकेतील सरकारी यंत्रणेने शंभराहून अधिक इंधनबचत साधनांची छाननी केली आणि इंधनाच्या खपात लक्षणीय सुधारणा घडवणारे एकही साधन तिला आढळले नाही.

तिसरी गोष्ट चालवण्याची. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून महामार्गावर शंभरऐवजी सत्तर-ऐंशीने जाणे हा फुकटचा उपाय आहे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की तेल वाचते, हा समज आपल्याकडे दृढ आहे. खंबाटकी असो वा बोरघाट, अशा गाड्या नेहमी दिसतात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर स्वतःच इंजिन फिरवते आणि पाय काढताच इंधनाचा फवारा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल जळतच राहते. शिवाय सारा भार ब्रेकवर येऊन ते निकामी होण्याचा धोका वेगळाच. या समजुतीत बचत तर नाहीच, उलट जिवाशी खेळ आहे.

आता धोरणाकडे वळू. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मज्जाव करणारा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे न्यायालयाने म्हटले आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. म्हणजे वयाकडून दर्जाकडे येण्याची वाट न्यायालयालाही धरावी लागली. इतरत्र पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. शुल्क वाढवण्यास हरकत नाही. परंतु त्या मोबदल्यात मालकाला त्याच्या गाडीविषयी काही ज्ञान मिळावयास नको काय? स्वयंचलित चाचणी केंद्रांतील यंत्रांवर प्रत्येक चाकाच्या ब्रेकचा जोर स्वतंत्र मोजता येतो. पीयूसी तपासणीत डिझेल गाडीच्या धुराची घनता आकड्यात मिळते. हे आकडे केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवण्यापुरते न वापरता मागील वर्षाच्या आकड्यांशेजारी छापून मालकाच्या हाती दिले, तर गाडी कोठे बिघडते आहे, हे त्याला वेळीच कळेल.

यावर दोन आक्षेप संभवतात. जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिले, की कोळशाचा वापर काटकसरीने होऊ लागला म्हणून कोळशाचा खप घटत नाही, तो वाढतो. मात्र बाजाराच्या गावांची संख्या ठरलेली असलेला आपला व्यापारी ॲव्हरेज सुधारले म्हणून अधिक गावे हिंडणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कमी डिझेल जाळणारी जुनी गाडी स्वच्छ असतेच असे नाही. तिच्या धुरातील सूक्ष्म कण व नायट्रोजनची ऑक्साइडे दाट वस्तीच्या शहरांत आरोग्याला घातक आहेत. हे मान्यच केले पाहिजे. दुरुस्तीनंतरही जी गाडी धूर ओकत राहते, ती रस्त्यावरून गेलीच पाहिजे, मग तिचे वय दहा वर्षे असो वा वीस. परंतु हा निर्णय तपासणीने व्हावा, पंचांग पाहून नव्हे.

२०० लिटर डिझेल वाचणे म्हणजे अर्ध्या टनाहून अधिक कर्बवायू हवेत न जाणे. तेवढे तेल परदेशातून आणावे लागत नाही आणि एका कुटुंबाचे १८,००० रुपये घरात राहतात. एवढ्यासाठी नवा कारखाना लागत नाही की अनुदान लागत नाही. हवेचा दाब पाहण्याची सवय, किलोमीटर टिपण्याची एक वही आणि चाक हाताने फिरवून पाहणारा एक प्रामाणिक मिस्त्री एवढे पुरते. देशाच्या तेलबचतीची सुरुवात दारात उभ्या असलेल्या त्या जुन्या मोटारीपासून करण्यास कोणाच्या परवानगीचीही गरज नाही.