बोरघाटातलं कोडं

मुलांनो, ‘आपलं आयुष्य आपणच घडवतो’ असं निबंधात तुम्ही सगळेच लिहिता. आता आपला बोरघाट बघा. इथला रेल्वेमार्ग बांधायचं कंत्राट घेऊन १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आले आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारले. त्यांची पत्नी ॲलिस सरळ मायदेशी परतू शकली असती. तिने काम पुरं करायचं ठरवलं. जाणते इंजिनिअर नेमले आणि १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली! केवढी हिंमत!

पण त्याच घाटात १८६१ च्या सुमाराला चाळीस हजारांवर मजूर राबत होते. कॉलऱ्याने त्यातले कितीतरी गेले. पोटासाठी आलेल्या त्या माणसांपुढे दुसरी वाट कोणती होती? त्यांच्यावर निबंध लिहायचा तर तेच वाक्य लिहाल का? आईबाबांनाही विचारा बरं.