पायरी आणि सिंहासन

कार्तिक शुद्ध एकादशी ही पंढरीची महायात्रा, आणि तीच संत नामदेवरायांची जन्मतिथी. तिच्यामागून थोड्याच दिवसांत, पौर्णिमेस, शीख बांधव श्रीगुरू नानकदेवांचा जन्मोत्सव साजरा करतात. पंचांगात शेजारी असलेल्या या दोन तिथींचा उच्चार आम्ही मराठी भाविक क्वचितच एकत्र करतो. वास्तविक या दोहोंना जोडणारा धागा आमच्याच नामयाच्या हातचा आहे.

नामदेवराय भागवत धर्माची पताका घेऊन उत्तरेस गेले, आणि पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याने पुनीत झाले, असे परंपरा सांगते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, तेव्हा अनेकांना या नात्याची नव्याने ओळख झाली. परंतु नात्याचे खरे स्थान गावात नसून ग्रंथात आहे. पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध करून अमृतसरच्या हरिमंदिरात त्याची स्थापना केली. त्यात गुरूंच्या वाणीबरोबरच कबीर, रविदास, शेख फरीद, जयदेव यांची वचने आली, आणि नामदेवांची एकसष्ट पदेही आली. पुढे १७०८ मध्ये गोदातीरी नांदेड येथे दहावे गुरू गोविंदसिंह यांनी देहधारी गुरूंची परंपरा संपवून गुरुपद त्या ग्रंथासच अर्पण केले. म्हणजे ज्या वाणीत आमचा विठ्ठल 'बीठल' या नावाने नांदतो, तिला गुरुत्व लाभल्याची द्वाही महाराष्ट्राच्या भूमीवरच फिरली.

गुरुद्वारात पहाटे ग्रंथसाहेबांचा 'प्रकाश' होतो, रात्री 'सुखासन' होते. वर चांदवा असतो, चवरी ढाळली जाते. आमच्या काकड आरतीची आणि शेजारतीची आठवण व्हावी, असाच हा उपचार आहे. तथापि बाह्य साम्यावरून 'हे आपलेच' असे म्हणून मोकळे होण्याची घाई करू नये. शीख धर्म मूर्तिपूजा मानीत नाही. तेथे वंदन कागदाला नसून गुरुशब्दाला आहे. 'सिख' हा शब्द 'शिष्य' या संस्कृत शब्दापासून आला हे खरे. पण शब्दाचे माहेर एक असले म्हणून धर्माचा संसार एक ठरत नाही. त्या धर्माला आपले गुरू आहेत, आपला ग्रंथ आहे, १६९९ मध्ये स्थापन झालेला खालसा पंथ आहे. लहानपणी जानवे नाकारणाऱ्या नानकदेवांच्या गादीवरील नववे गुरू तेगबहादुर यांनी १६७५ साली दिल्लीत बलिदान केले, ते काश्मिरी पंडितांच्या टिळ्या-जानव्याच्या रक्षणार्थ, असे शीख परंपरा मानते. जे चिन्ह आपण स्वतः धारण करीत नाही, ते दुसऱ्याच्या देहावर राहावे म्हणून मस्तक देणे, याहून मोठा धर्म कोणता? अशांना आपल्यात विरघळवून टाकणे हा आदर नव्हे. त्यांचे वेगळेपण मान्य करून हात जोडणे, हाच खरा आदर.

आता आमच्या अंगणाकडे पाहू. पंढरीत नामदेवराय महाद्वाराची पायरी झाले. संतांचे चरणरज मस्तकी पडावेत, ही त्यांची लीनता. तिच्यापुढे आम्ही सदैव नतमस्तक आहोत. पण भक्ताने मागून घेतलेले स्थान आणि समाजाने भक्तावर लादलेले स्थान यांत अंतर आहे. त्याच पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, आणि त्यांच्या ज्ञातिबांधवांना राउळात प्रवेश मिळण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना प्राण पणास लावावे लागले. शिंप्याचा नामा, चांभार रविदास आणि विणकर कबीर यांच्या वाणीपुढे पंजाबात महाराजा रणजितसिंहांसारखे राजेही माथा टेकवीत होते, तेव्हा आमच्या राउळाचे दार चोखोबांच्या वंशजांना बंदच होते.

ग्रंथसाहेबांतील एका पदात नामदेव सांगतात की, हीन जातीचा म्हणून त्यांना देवळातून उठविण्यात आले, आणि ते मागे बसले तर देवळानेच त्यांच्याकडे तोंड फिरविले. ही कथा आम्ही कीर्तनकार मोठ्या रसाने रंगवितो. श्रोते चमत्काराला टाळ्या देतात. पण देवळाला फिरावे का लागले, हा प्रश्न कथेबरोबरच संपतो. शिखांनी तो संपू दिला नाही. लंगरात राव-रंक एका ओळीत जमिनीवर बसतात, आणि 'आधी पंगत, मग संगत' हा तिसरे गुरू अमरदास यांचा दंडक मानला जातो. ज्ञातिभेद त्या समाजातूनही समूळ गेला आहे असे नाही. परंतु जेथे रोज सर्वांची एक पंगत बसते, तेथे तो भेद निदान उजळ माथ्याने वावरू शकत नाही. आमच्याकडे मात्र यात्रेच्या प्रसादातही कोणाला कोठे बसवावे, याचा हिशेब मनातल्या मनात अजून कोठे कोठे चालतो.

म्हणून वाचकांस आमची नम्र विनंती आहे. या कार्तिकीला घरी नामदेवांचे अभंग म्हणाल, तेव्हा ग्रंथसाहेबांतील त्यांचे एखादे पदही मिळवून म्हणा. आमच्या व्यवसायबंधूंनी पूर्वरंगाला ते पद घ्यावे आणि त्याचा अर्थ आडपडदा न ठेवता सांगावा. पौर्णिमेला जवळ गुरुद्वारा असेल, तर मस्तक झाकून तेथे जावे आणि पंगतीत बसून जेवावे. आणि परत आल्यावर द्वादशीच्या पारण्याला, सत्यनारायणाच्या प्रसादाला आपल्या घरी कोण कोण बसते आणि कोण बाहेरूनच परततो, हे एकदा मोजावे. नामयाच्या पायरीवर फूल वाहणे सोपे आहे. त्याच्या शब्दाला सिंहासन द्यायचे, तर सुरुवात आपल्या माजघरातील पंगतीपासूनच करावी लागेल.